पंचनाम्याआधीचा निकाल

२०२२ सालच्या ऑगस्ट महिन्याची १८ तारीख. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा लोटला होता, दर्यावर गेलेल्या मचव्यांचे म्हावरे श्रीवर्धनच्या बाजारात येऊ लागले होते, आणि दुसऱ्या दिवशीच्या दहीहंडीसाठी आळीआळीतून दोर ताणण्याचे काम चालू होते. अशा त्या गुरुवारी हरिहरेश्वरच्या किनाऱ्यास एक निर्मनुष्य नौका येऊन लागली. लांबी सुमारे सोळा मीटर, बांधणी परदेशी, आणि आत तीन ए. के. ४७ बंदुका व काडतुसे. पोलीस पोहोचले, दहशतवादविरोधी पथक निघाले, जिल्ह्यात नाकाबंदी झाली, आणि पंचनाम्याचा कागद अजून कोरा असतानाच घरोघरच्या पडद्यांवर व हातोहातच्या फोनवर निकाल लागूनही गेला : ते आले, येथेच कोठेतरी उतरले, आणि त्यांना उतरवून घेणारेही येथलेच असणार. 'ते' म्हणजे कोण, हे कोणी उच्चारीत नव्हते आणि कोणाला विचारावेही लागत नव्हते.

माझ्या पडवीत त्या वेळी चाचा बसले होते. चाचा म्हणजे आमच्या आळीच्या टोकाला राहणारे निवृत्त सारंग. सदतीस वर्षे जहाजावर काढलेला, बोटांची पेरे दोरखंडाने कायमची जाडावलेला माणूस. बशीत ओतलेला चहा त्यांनी तसाच ठेवला आणि ते म्हणाले, "मास्तर, आज बाजारात जात नाही. तुमच्याकडचे कोणी गेले तर माझेही दूध आणा." एवढेच. त्याच दिवशी विधानसभेत गृहखाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी खुलासा केला, तो असा की, नौकेचे नाव 'लेडी हान', मालकी एका ऑस्ट्रेलियन बाईंची, कप्तान त्यांचेच यजमान. मस्कतहून युरोपकडे जात असता २६ जून रोजी तिचे यंत्र बंद पडले, एका कोरियन युद्धनौकेने माणसे वाचवून ओमानच्या स्वाधीन केली, दर्या खवळलेला असल्यामुळे नौका ओढून नेता आली नाही, आणि ती सात आठवडे वाऱ्यापाण्याच्या मर्जीने भरकटत आमच्या किनाऱ्यास लागली. घातपाताचा धागा आढळलेला नाही. चाचांनी निवलेला चहा एका घोटात संपवला आणि विचारले, "आता हे किती वेळ दाखवतील?" फार वेळ दाखवले नाही.

त्या दिवसापासून एक विचार मनात घर करून आहे. पाश्चात्य देशांतील वृत्तपत्रे व राजकारण मुसलमानांविषयी पूर्वग्रह बाळगतात, ही तक्रार आपण आता इतक्यांदा ऐकली आहे की ती ऐकताना मान आपोआप हलते. परंतु त्या पूर्वग्रहाचे नेमके ठिकाण कोणते, हे क्वचितच पाहिले जाते. माझ्या मते ते शेवटी सिद्ध झालेल्या गोष्टीत नसून, काहीही सिद्ध होण्यापूर्वी केलेल्या पहिल्या तर्कात आहे. तो तर्क चुकला तर त्याची दुरुस्ती होते, पण ती आतल्या पानावर, बारीक टायपात होते. हा आमचा लहानसा किनारा, रेवसपासून बाणकोटच्या खाडीपर्यंतचा, तीनशे वर्षांहून अधिक काळ युरोपियनांच्या लेखणीखाली आहे, आणि त्यामुळे या पहिल्या तर्काचा मागोवा घ्यावयास याच्यासारखी दुसरी जागा नाही.

आरंभ शब्दापासूनच करू. मराठीत चाचा म्हणजे बापाचा भाऊ, आणि चाचा म्हणजे समुद्रावर लूट करणारा. जुन्या लेखनात दुसऱ्या शब्दाच्या डोक्यावर अनुस्वार असे, तो शुद्धलेखनाच्या नव्या नियमांबरोबर गेला आणि दोघे दिसावयास एक झाले. हा भाषेचा निव्वळ योगायोग आहे, त्यावर मी काही उभारू इच्छीत नाही. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात जंजिऱ्याच्या सिद्दीस जागोजागी चांचा म्हटले आहे, आणि कुलाब्याच्या कान्होजी आंग्र्यांसही तेच. पोर्तुगीजांनी आपल्या परवान्यावाचून कोणास समुद्रावर फिरू देऊ नये, परवाना नसलेले गलबत जप्त करावे, आणि त्यास राज्यव्यवस्था म्हणावे. इंग्रजांनीही तेच करावे. आणि आंग्र्यांनी वा सिद्द्यांनी आपल्या पाण्यात तोच दस्तक मागितला की ती चांचेगिरी व्हावी, असा हा न्याय होता. वस्तुतः त्या शतकातील सर्वांत कुप्रसिद्ध लूट एका इंग्रजाने केली : १६९५ साली हेन्री एव्हरी याने मक्केची यात्रा करून सुरतेस परतणारे मोगल बादशहाचे 'गंज-ए-सवाई' हे जहाज धरले आणि यात्रेकरू स्त्रीपुरुषांची जी विटंबना केली, तिच्यामुळे कंपनीच्या सुरतेतील गुमास्त्यांना तुरुंग पाहावा लागला. पुढे कान्होजींच्या माथ्यावरचा तो डाग आपण पुसून काढला, आणि १९५१ साली मुंबईतील नौदलाच्या ठाण्यास 'आंग्रे' हे नाव मिळाले, हे योग्यच झाले. सिद्द्यांच्या बाबतीत मात्र कंपनीच्या कारकुनाने जे लिहिले ते आपण जसेच्या तसे ठेवून घेतले. सिद्दी शिवछत्रपतींचा वैरी होता, तेव्हा त्याच्यावर प्रेम करण्याचे कारण नाही; परंतु वैरी आणि लुटारू या दोन निराळ्या नोंदी आहेत.

एकोणिसाव्या शतकात ही लेखणी अधिक सभ्य आणि म्हणूनच अधिक परिणामकारक झाली. जेम्स मिलने १८१७ साली हिंदुस्थानच्या इतिहासाचे हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश असे खंड पाडले, त्यांतले पहिले दोन धर्माचे आणि तिसरा राष्ट्राचा, आणि ही विषम वाटणी आपण शाळांतून शंभर वर्षे निमूटपणे शिकविली, मीही शिकविली. सर हेन्री एलियट याने मुसलमान तवारिखकारांचे उतारे निवडताना १८४९ सालीच प्रस्तावनेत उघड लिहून ठेवले की, या संग्रहामुळे एतद्देशीय प्रजेस आमच्या राज्याचे फायदे अधिक उमजतील. म्हणजे निवड कशासाठी होती, हे निवडणाऱ्यानेच कबूल केले. आणि १८७१ साली विल्यम हंटर या मुलकी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील मुसलमानांवर जे पुस्तक लिहिले, त्याच्या मुखपृष्ठावरच प्रश्न होता की, राणीविरुद्ध बंड करणे यांच्या धर्माने यांस बंधनकारक आहे काय? हंटर दुष्ट नव्हता, मुसलमानांच्या दैन्याविषयी त्याने पुष्कळ कळवळ्याने लिहिले आहे. तरीपण ज्यांची ओळखच आरोपाने करून दिली जाते, त्यांनी पुढे कितीही चांगले उत्तर दिले तरी ते आरोपीचे उत्तर ठरते. त्याच सुमारास म्हसळे, श्रीवर्धन, मुरूड या भागांतला कोकणी मुसलमान भाताची लावणी करीत होता, पोफळीला पाणी सोडीत होता, आणि पावसाळा संपला की मुंबईच्या गोदीवर जहाजाची भरती शोधीत होता. बंडाविषयी त्यास कोणी विचारले असते, तर त्याने बहुधा खोताच्या फाळ्याविषयी सांगितले असते.

जहाजाच्या भरतीची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. फारसीतला लष्कर हा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला आणि वाटेत त्याची तलवार गळून पडून खलाशी उरला. इंग्रज त्यास लॅस्कर म्हणू लागले. आगबोटींच्या युगात पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर डेकवरच्या कामास कोकणचे आणि गुजरातचे मुसलमान, भट्टीवर पंजाबचे व सरहद्दीचे, आणि भोजनगृहात गोव्याचे ख्रिस्ती, अशी जवळजवळ ठरीव वाटणी असे. गावागावांतून सारंग माणसे जमवी, त्याच्या हाताखाली तांडेल, आणि त्याखाली भावकीतलीच पोरे. युरोपियन खलाश्याच्या पगाराचा तिसरा-चौथा हिस्सा यांस मिळे. १९०६ च्या कायद्यानंतर इंग्रज खलाश्यास झोपावयास १२० घनफूट जागा मिळू लागली, तर आमच्या माणसास ३६ घनफूटच पुरेशी मानली गेली. लंडनच्या लाइमहाऊस भागात अशा आशियाई खलाश्यांसाठी १८५७ साली एक आश्रयगृह निघाले, ते परोपकारबुद्धीनेच निघाले, पण माणूस तेथे राहून लवकर परत जावा, हाही हेतू त्यात होता. १९२५ साली तर इंग्लंडच्या सरकारने 'रंगीत परकी खलाशी' यांनी पोलिसांत नोंद करावी असा हुकूम काढला, आणि ज्यांजवळ ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागद नव्हता असे आमचे लोकही त्यात परके ठरले. ज्या झेंड्याखाली माणूस वीस वर्षे डेक धूत होता, त्याच झेंड्याच्या बंदरात तो परका.

याच्या तीन वर्षे आधीची हकीकत ही की, १९ मे १९२२ रोजी पी. अँड ओ.चे 'ईजिप्त' हे जहाज इंग्लंडमधील टिलबरीहून मुंबईस येण्यास निघाले. उतारू ४४, खलाशी व नोकरचाकर मिळून त्यांच्या कितीतरी पट, आणि तिजोरीत दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोनेचांदी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रान्सच्या उशांत बेटानजीक दाट धुक्यात 'सेन' नावाच्या फ्रेंच मालवाहू जहाजाने त्यास कुशीत धडक दिली आणि वीस मिनिटांच्या आत 'ईजिप्त' तळास गेले. ८० हून अधिक माणसे बुडाली, आणि बुडालेल्यांत बहुसंख्य जहाजावरचेच नोकर होते. पण पुढील काही दिवस इंग्लंडच्या वृत्तपत्रांतून जे वाचावयास मिळाले, त्यात बुडालेले नोकर फारसे नव्हते. होडग्यांवर तुटून पडलेले, उतारूंना मागे सारणारे, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हुकुमास न जुमानणारे भेदरलेले काळे खलाशी होते. लॅस्करच्या रक्तातच धीर नाही, अशा मजकुराची प्रस्तुत काळी कोणास लाज वाटेल, परंतु तेव्हा तो निरीक्षण म्हणून छापला गेला.

यानंतर रीतसर चौकशी झाली. साक्षी निघाल्या, जबान्या झाल्या, आणि निर्णय असा लागला की, जहाज व माणसे वाचविण्यासाठी जे उपाय तातडीने व्हावयास हवे होते ते करण्यात कप्तान आणि मुख्य अधिकारी यांनी कसूर केली, होडगी उतरविण्याची कवाईत खलाश्यांकडून नीट करून घेतलेलीच नव्हती. कप्तानाचा परवाना काही काळ स्थगित झाला, मुख्य अधिकाऱ्यास कडक ठपका मिळाला. ज्या माणसास कोणते होडगे आपले हे कोणी शिकविले नाही, तो धुक्यात, कललेल्या डेकवर, परक्या भाषेतील आरोळ्यांमध्ये चुकीच्या होडग्याकडे धावला असेल, तर त्यात त्याच्या रक्ताचा संबंध कोठे येतो? पुढे दहा वर्षांनी, १९३२ साली, 'आर्तिल्यो' या जहाजावरच्या इटालियन पाणबुड्यांनी कित्येक महिन्यांच्या अद्भुत परिश्रमाने ते सोने वर काढले, आणि 'ईजिप्त'चे नाव जगभर पुन्हा गाजले. मात्र त्या वेळी सोन्याचा हिशेब पैसाअडक्यापर्यंत दिला गेला आणि खलाश्यांविषयीचा जुना मजकूर कोणी मागे घेतला नाही. हे सांगितले पाहिजे की, त्या आरोपात धर्मापेक्षा वर्णाचा अहंकार अधिक होता, आणि गोव्याचा ख्रिस्ती बटलरही त्याच शब्दाखाली भरडला गेला. पण पहिल्या तर्काची यंत्रणा तीच होती, आणि आजही तीच आहे.

आफ्रिकेच्या टोकाकडे गेलेल्यांची कथा थोडक्यात सांगतो. जंजिऱ्याच्या मुलखास लोक हबसाण म्हणत. तेथले आणि रत्नागिरीकडचे पुष्कळ मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केपटाऊनला गेले, तेथे फळे विकली, दुकाने थाटली, आणि घरात आजपर्यंत कोकणी बोली टिकवली. शेजारच्या ट्रान्सवालच्या १८८५ च्या कायद्यात नागरिकत्वास अपात्र म्हणून ज्यांची यादी आहे, त्यात 'कुली', 'अरब', 'मलायी' आणि 'तुर्की साम्राज्यातील महंमदी प्रजा' अशी नावे आहेत. म्हणजे तेथे धर्माचे नाव घेण्याचाही संकोच उरला नव्हता. केपमध्ये १९०२ साली, युरोपीय भाषेत अर्ज लिहिता येत नसेल तर नव्या माणसास उतरू देऊ नये असे ठरले, आणि चार वर्षांनी, गावी जाऊन परत यावयाचे तर तसबीर व अंगठ्याची निशाणी असलेला परवाना घ्यावा असे ठरले. मुदत टळली की दार बंद. गावाकडच्या बायकोचे आजारपण, शेताचा वाद, मुलीचे लग्न, हे सारे त्या कागदाच्या तारखेत बसवावे लागे. म्हातारपणी बहुतेकांच्या पेटीत निकाहनाम्याशेजारी तो कागद असे.

स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यास काही शांत दशके मिळाली. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाले. सत्तरीनंतर आखाताची वाट उघडली आणि कौलांच्या जागी स्लॅब आले. म्हसळे तालुक्यातील आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले आणि १ जानेवारी १९८१ पासून त्यांनी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड केले. शिवाय लंडनहून भवानी तलवार परत आणण्याचा संकल्प सोडला, ज्याने तेव्हा सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. तलवार आली नाही, आणि अंतुले पुढे कोणत्या प्रकरणी पायउतार झाले तो निराळा विषय आहे. मला एवढेच नोंदवावयाचे आहे की, सावित्रीकाठच्या एका कोकणी मुसलमानाने जिल्ह्यास शिवछत्रपतींच्या राजधानीचे नाव द्यावे, या घटनेसाठी परदेशी वृत्तसंस्थांच्या तारेतील 'मुस्लिम' या एका विशेषणात जागाच नाही.

आणि मग १९९३. हा भाग टाळून मागोवा घेता येत नाही, व टाळावा अशी माझी इच्छाही नाही. त्या वर्षी जानेवारीत दिघी येथे आणि फेब्रुवारीत ३ व ७ तारखेस शेखाडी येथे शस्त्रे व आर. डी. एक्स. उतरविले गेले, १२ मार्च रोजी मुंबईत ते फुटले, २५७ माणसे मेली. उतरवून घेण्यात येथलीच काही माणसे होती. तस्करीच्या सोन्याचांदीची वाट त्यांच्या पायाखालची होती, आणि त्या वाटेवरून यंदा काय आले हे काहींस ठाऊक नव्हते तर काहींस पक्के ठाऊक होते. न्यायालयाने २००६ साली निकाल दिला, त्यात १२३ पैकी १०० जण दोषी ठरले, आणि त्या दोषींत कस्टम व पोलीस खात्याचे जे अधिकारी होते, ज्यांनी पैसे घेऊन रस्ता मोकळा सोडला, ते एकाच धर्माचे नव्हते. आज दिवेआगरकडे जाणाऱ्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, जो कोकणातला अत्यंत रमणीय रस्ता आहे, पर्यटकांची गाडी शेखाडीस थांबते आणि कोणीतरी काच खाली करून विचारतो, "ते कुठे उतरवले होते हो?" मी दोनदा हा प्रश्न स्वतः ऐकला. लाच घेणाऱ्या अधिकाऱ्यांची गावे कोणती, हे विचारणारा अजून भेटला नाही. जाळी विणीत बसलेला दाल्दी, म्हणजे आमच्याकडचा मुसलमान कोळी, हात उचलून समुद्राकडे दाखवतो आणि पुन्हा गाठ मारू लागतो. तो १९९३ साली जन्मलाही नसेल.

बाहेरच्या जगात याच सुमारास पहिला तर्क आपले पूर्ण रूप धारण करीत होता. १९ एप्रिल १९९५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात सरकारी इमारत उडविली गेली, तेव्हा पहिले कित्येक तास तेथील दूरचित्रवाणी मध्यपूर्वेकडे बोट दाखवीत होती. करणारा टिमथी मॅकव्हे, त्याच देशाचा गोरा माजी सैनिक निघाला. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत ७७ जणांची हत्या झाली, तेव्हाही प्रथम बोट त्याच दिशेने रोखले गेले, आणि मारेकरी निघाला मुसलमानांच्या द्वेषाने पेटलेला नॉर्वेजियन. या दोहोंच्या मधोमध ११ सप्टेंबर २००१ आहे; त्या दिवशी पहिला तर्क खरा ठरला, आणि एकदा खरा ठरल्यामुळे पुढच्या सर्व प्रसंगी त्याला पुराव्याची गरज उरली नाही. चारच दिवसांनी ॲरिझोनात बलबीरसिंग सोधी या शीख गृहस्थास, फेटा व दाढी पाहून, गोळी घालण्यात आली. २००९ साली दिल्लीच्या विमानतळावर, म्हणजे आपल्याच देशात, एका अमेरिकन विमानकंपनीच्या कर्मचाऱ्यांनी माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची झडती घेतली. कंपनीने मागाहून माफी मागितली. रामेश्वरमच्या एका होडीवाल्याचा हा मुलगा रांगेत शांतपणे उभा राहिला आणि स्वतः त्याविषयी तक्रार केली नाही. २०१५ च्या डिसेंबरात तर अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराने सर्वच मुसलमानांस देशात येण्यास बंदी मागितली, आणि तो निवडूनही आला.

चाचांची गोष्ट यात अगदी लहान आहे. २००१ नंतरच्या एका हिवाळ्यात त्यांचे जहाज एका पाश्चात्य बंदरात लागले होते, जेथे ते पंधरा वर्षे येत-जात होते. बावीस खलाश्यांपैकी चौघांना उतरण्याची परवानगी मिळाली नाही. चौघांची नावे काय होती, ते सांगावयास नको. शिडीच्या तोंडाशी बंदूकवाला पहारेकरी बसला. रोज संध्याकाळी खलाशी क्लबची बस आली की उरलेले अठरा जण तीत बसून जात, आणि चाचा कठड्याशी उभे राहून ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत. चौथ्या दिवशी गोव्याच्या कुकने त्यांच्यासाठी फोनकार्ड आणले, पण फोन धक्क्यावर होता. "घरी कळवायचे होते की पोहोचलो," असे चाचा म्हणाले, "दुसरे काही नाही." त्या पहारेकऱ्यावर त्यांचा राग नाही. तो रात्री थंडीने कुडकुडत होता म्हणून चाचांनी त्यास कॉफी नेऊन दिली, आणि ती त्याने न पिता बाजूला ठेवली, एवढे मात्र ते वीस वर्षांनीही विसरलेले नाहीत.

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे दोन मशिदींत ५१ माणसे मारणारा ऑस्ट्रेलियाचा नागरिक होता. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या कोणा खलाश्यास परदेशच्या बंदरात बाजूला बसविल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि तसे कोणी करूही नये.

आपण या सर्वांचे बळी आहोत, असे म्हणून येथे थांबता आले असते तर बरे झाले असते. परंतु ज्या लेखणीने आपल्यास चांचे आणि भेकड लॅस्कर ठरविले, तिचीच शाई आपण आपल्या दौतीत ओतून घेतली आहे. 'स्लीपर सेल'सारखे शब्द आपल्या निवेदकांच्या तोंडी परदेशी वाहिन्यांवरूनच आले. २०२० च्या मार्च-एप्रिलात, दिल्लीच्या तबलीगी मेळाव्यानंतर, करोनाच्या साथीचा आरोप एका समाजाच्या माथी मारला गेला, आणि आमच्या गावातही भाजीवाल्यास भावाआधी नाव विचारले जाऊ लागले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरील गुन्हे रद्द करताना, त्यांस बळीचा बकरा केले गेले असे स्पष्ट म्हटले आणि वृत्तमाध्यमांच्या प्रचारावर कडक ताशेरे ओढले. तो निकाल किती वृत्तवाहिन्यांनी, आरोपास दिला होता तितका वेळ देऊन, दाखविला? दरम्यान ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेले होते. श्रीवर्धनच्या पोफळी रांगेने आडव्या पडल्या, रोठा सुपारीच्या बागा पिढीभर मागे गेल्या, आणि माझ्या घराचे अर्धे छप्पर गेले. दुपारी चार वाजता, तारा रस्त्यावर पडलेल्या असताना, चाचा आपल्या दोन पुतण्यांसह ताडपत्री घेऊन आले. ती जहाजावरच्या गाठीने बांधली, आणि पावसाळाभर ती सुटली नाही.

२०२२ च्या त्या गुरुवारी संध्याकाळी दूध मीच आणले. बाजारात नाकाबंदीचे पोलीस होते, हंडीचे दोर तसेच लोंबत होते, आणि खुलासा होऊन काही तास झाले असूनही दूधवाल्याने मला खालच्या आवाजात विचारले की, तुमच्या त्या चाचांकडे हल्ली कोण पाहुणे येतात?

मुंबईत मशीद बंदराजवळ, भारतीय खलाशीगृहात, पहिल्या महायुद्धात बुडालेल्या आणि समुद्रावाचून ज्यांना दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाश्यांची नावे नोंदलेली आहेत. ज्या साम्राज्याने त्यांस छत्तीस घनफूट जागा दिली, त्याच्याच जहाजांवर ते मेले. मुंबईस जाणे झाले तर आपल्या तालुक्यातील वाचकांनी ती यादी एकदा डोळ्यांखालून घालावी; वाचता वाचता आपल्याच खाडीवरच्या एखाद्या गावाचे आडनाव भेटण्याचा संभव आहे.